उलट्या पिळाचा बोल्ट

‘कट्ट’ असा आवाज झाला आणि मुखरूभाऊ फिटर पाय वर करून पाठीवर पडले. पान्यावर चढवलेला लांब पाइप त्यांच्या हातात तसाच होता. चाकाच्या बोल्टाचं डोकं मात्र टणटण उड्या मारत सोमारीच्या पायाशी येऊन थांबलं.

"मोडला," बुधू म्हणाला. सोमारीच्या या धाकट्या भावाला, सगळ्यांना दिसलेली गोष्ट मोठ्यानं सांगायची सवयच होती.

दिवाळीची सुट्टी होती. आरमोरीजवळच्या त्यांच्या गावात आबाजींनी, म्हणजे सोमारीच्या आजोबांनी, एका जंगल ठेकेदाराची मोडकी मोटार ओढून आणली होती. इंजिन केव्हाच गेलं होतं आणि सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. पण मागचा ॲक्सल धडधाकट होता. तो काढायचा, वर फळ्या ठोकायच्या आणि रबरी चाकांची बैलबंडी करायची, असा बेत होता. चाकं उतरवून आत ग्रीस भरलं की काम झालं. परवाच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, गावची सगळी पोट्टी या बंडीतून नाटक पाहायला जाणार, असं आबाजी गावभर सांगूनही बसले होते.

उजवं चाक सकाळीच सुखासुखी निघालं. डावं मात्र हटून बसलं होतं.

मुखरूभाऊंनी कंबर चोळत चाकाकडे पाहिलं, मग आबाजींकडे. "देवाजीभाऊ, हे साधं काम नाई. उजवं लोण्यावानी निघालं अन् हे डावं जागचं हालून नाई राह्यलं. भूत बसलं आहे याच्यात. कोंबडा मागून राह्यलं."

"कोंबडा?" आबाजींनी विचारलं.

"लाल. मोठ्या तुऱ्याचा."

तसा कोंबडा अख्ख्या आळीत एकच होता, सोमारीचा ठाणेदार. पिल्लू असताना घारीच्या पायातून सुटून तो तिच्या ओंजळीत पडला होता, आणि तेव्हापासून तिच्या मागे मागे फिरायचा. आता तो मोटारीच्या टपावर छाती काढून उभा होता. मुखरूभाऊ त्याच्याकडे भुताच्या नव्हे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होते. "रस्सा जरा झणझणीत करजा," ते म्हणाले. भुताला रस्सा कसा आवडतो हेही त्यांना ठाऊक होतं.

फिटर रुसून गेला तर परवाच्या आत दुसरा कुठून आणायचा? "सांजी पाहू," असं पुटपुटून आबाजी सोमारीची नजर चुकवत आपले अंबाडीचे दोर वळायला निघून गेले. आबाजींचं ‘पाहू’ म्हणजे ‘हो’ असतं, हे सोमारी चांगलं ओळखून होती.

मुखरूभाऊ मोहाच्या झाडाखाली आडवे झाले आणि लगेच घोरू लागले. बुधूनं ठाणेदाराला उचलून डालग्याखाली कोंडलं आणि स्वतः डालग्यावर बसला.

"आमच्या चंद्रपुरात असं नाई होत," जंगू म्हणाला. हा सोमारीचा मावसभाऊ, सुट्टीला आलेला.

"मंग कसं होते?"

"तिथी याच्याहून मोठा पाइप लावतेत."

सोमारीनं मोडक्या बोल्टाचं डोकं उचललं. त्याला बोटभर दांडी राहिली होती आणि दांडीवर आटे होते. डब्यात उजव्या चाकाचे बोल्ट होते, त्यातला एक तिनं शेजारी धरला. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि डोळे चोळून तिसऱ्यांदा पाहिलं.

"जंगूदादा, काल आबाजींनं तुले काऊन रागावलं होतं?"

"तो दोर होय? मी उलटा पीळ दिला म्हणून."

"काय म्हणाले ते?"

जंगूनं आबाजींचा आवाज काढला. "‘अरे, उलट्या पिळाचा दोर कसाले गेला की सुटते, अन् सोडाले गेला की कसते.’" एवढं बोलून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

सोमारीनं दोन्ही बोल्ट त्याच्या नाकासमोर धरले. एकाचे आटे उजवीकडे चढत होते, दुसऱ्याचे डावीकडे. "याचा पीळ उलटा आहे. मुखरूभाऊ सकाळपासून बोल्ट सोडून नाई राह्यले, कसून राह्यले."

"म्हणजे भूत नाई?" बुधूनं डालग्यावरून विचारलं.

"भूत तिकडं घोरून राह्यलं," जंगू म्हणाला.

त्यांनी उरलेल्या बोल्टांवर कंदिलातलं रॉकेल सोडलं आणि ते मुरेपर्यंत कळ काढली. मग पाना लावला, पाइप चढवला आणि साधा बोल्ट कसताना फिरवतात त्या बाजूला जोर केला. काही झालं नाही. जंगू पाइपावर उभा राहिला, तरी काही झालं नाही. शेवटी सोमारीही चढली. ‘कर्रर्र’ झालं आणि दोघंही धुळीत पडली. पण बोल्ट सुटला होता. बाकीचेही मुकाट्यानं निघाले आणि चाक खाली आलं.

त्याच वेळी डालग्यातून ठाणेदारानं बांग ठोकली. मुखरूभाऊ दचकून उठले. समोर चाक पाहून त्यांनी दोन्ही हात जोडले.

"पाह्यलं का देवाजीभाऊ?" ते ओरडले, तसे आबाजी दोर हातात घेऊनच धावत आले. "नुसतं कोंबड्याचं नाव काढलं अन् भुतानं चाक सोडलं. आता तर द्यावाच लागन. बोलल्या शब्दाले जागलं पायजे."

सोमारीला रडू फुटणारच होतं, पण तिनं ते गिळलं आणि दोन्ही बोल्ट आबाजींच्या तळहातावर ठेवले. "आबाजी, पीळ पाहा."

आबाजींनी अंगठ्यानं आटे चाचपले. डोळ्यांनी पाहायची त्यांना गरजच पडली नाही. मिशीतल्या मिशीत हसून ते म्हणाले, "मुखरू, भूत उलट्या पिळाचं आहे."

काही जुन्या मोटारींत डाव्या चाकाला असे बोल्ट असतात, हे मुखरूभाऊंच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते ओशाळले, पण कोंबडा इतक्या सहज सोडणारे नव्हते. "बरं. पण मोडक्या बोल्टाचं ठुटुक आत फसलं आहे, त्याचं काय? त्याले डोकंच नाई, पाना कुठी लावसान? भोक पाडून कोरा लागन. चाकामागचा ड्रम फुटला तर बंडी गेली. तिथी कोंबडाच लागते."

मग त्यांनी पेटीतून हातानं फिरवायचं ड्रिल काढलं आणि त्याची मूठ फिरवून दाखवली. सोमारी ड्रिलच्या टोकाकडे बघत राहिली. ते कोणत्या बाजूला फिरतं, हे तिनं नीट पाहून घेतलं.

"मुखरूभाऊ, तुम्ही भोक पाडाले लागा," ती म्हणाली. "पुरं भोक व्हायच्या आधीच ठुटुक आपोआप बाहेर आलं, तर ठाणेदार सुटला. कबूल?"

"आपोआप? मी इतके वर्ष ठुटकं काढून राह्यलो पोरी, आपोआप एकही नाई आलं. कबूल."

आबाजींनी मान हलवून साक्ष दिली. मुखरूभाऊंनी ठुटक्यावर मधोमध छिन्नीचा टोचा मारला, ड्रिल टेकवलं आणि मूठ फिरवू लागले. लोखंडाचा कीस पडला. टोक आत रुतलं. मग ड्रिलबरोबर ठुटुकही गोल फिरायला लागलं आणि फिरत फिरत बिळातून उंदीर डोकावा तसं बाहेर आलं.

मुखरूभाऊंनी ड्रिल टाकून दिलं आणि चार हात मागे उडी मारली.

"निघालं," बुधू म्हणाला.

"ड्रिल कसाच्या बाजूनं फिरते," सोमारी म्हणाली. "अन् उलटा पीळ कसाले गेलं की सुटते. आबाजींनंच सांगितलं होतं."

"मी जंगूले सांगितलं होतं," आबाजी म्हणाले. "ऐकलं मात्र तू." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "तुझा कोंबडा द्याले म्या असं चटकन तयार व्हाले नाई पायजे होतं." सोमारीनं मग थोडं रडून घेतलं.

संध्याकाळी मुखरूभाऊंना वांग्याचा रस्सा वाढला. झणझणीत होता. त्यांनी तीनदा मागून घेतला.

ठरल्या दिवशी बंडी मंडईला निघाली. आबाजींनी कासरे हातात घेतले आणि शेजारची मानाची जागा सोमारीला दिली. मागे जंगू पोरांना सांगत होता, की चंद्रपुरातसुद्धा असा फिटर नाही. रस्त्यात आरमोरीच्या नाक्यावर मुखरूभाऊ एका ट्रकच्या चाकाशी पाना घेऊन बसले होते. बंडी पाहताच ते उठले आणि एक बोल्ट उंच धरून धावत आले.

"सोमारीबाई, थांब व," ते धापा टाकत म्हणाले. "कसाच्या आधी याचा पीळ तेवढा पाहून दे."

सोमारीच्या मांडीवरून ठाणेदारानं मान लांब केली आणि आधी आपणच तो बोल्ट नीट पाहून घेतला.