बिरूनं विणलेल्या तारा

नामांतराच्या मोर्चामुळं क्रांती चौकातल्या बस जागच्या जागी थांबल्या होत्या, अन् मला तर काहीही करून चिकलठाण्याची एमआयडीसी गाठायची होती! तेवढ्यात एक सायकल माझ्यापुढं थांबली. वर उंच, सावळा, भुरभुरत्या केसांचा…

"एमआयडीसी? बसा मागं. पडलात तर जबाबदारी माझी नाय."

"मी पडत नाय."

"सगळ्या असंच म्हणतात."

"सगळ्या? किती जणी बसवल्यात आजवर?"

त्याचे कान लालेलाल! त्यानं पायडल जोरात हाणलं.

गंमत म्हणजे आम्ही एकाच शेडपुढं उतरलो. तो तिथला वायरमन, बिरू. मी मंजुळा, फुलंब्रीची, डिप्लोमा झालेली, आज नोकरीच्या परीक्षेला आलेली. मालक काकासाहेबांनी एक पॅनल पुढं सरकवलं. आतल्या मायक्रोकंट्रोलर चिपनं टाकीतलं पाणी बघून रिलेकडून, म्हणजे विजेच्या खटक्याकडून, मोटार चालू-बंद करायची. पण रिलेनं मोटारीची वीज तोडली, की ती बोटाएवढी चिप भांबावून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

"तीनला गिऱ्हाईक येतंय," काकासाहेब म्हणाले. "जमलं तर नोकरी पक्की. नाय तर फुलंब्रीला माघारी."

माघारी? मी? शक्यच नाय!

झाकण उघडलं. आत सगळ्या तारा मेणाच्या दोऱ्यानं एकत्र विणलेल्या, लग्नातल्या वेणीसारख्या.

"मी बांधलंय," बिरू छाती काढून म्हणाला. "कसं दिसतंय?"

"लई सुंदर. कापते."

"काय?! जीव ओतलाय त्यात!"

"मोटार बंद करताना रिलेत ठिणगी उडते. तिचा झटका मोटारीच्या तारेतून शेजारच्या टाकीच्या तारेत शिरतो, अन् तिथून चिपमध्ये. तुम्ही दोघींना गळ्यात गळा घालून बसवलंय."

त्यानं विणीवरून एकदा बोट फिरवलं… मग कटर स्वतःच माझ्या हातात दिला. बोटं लागली. उगाच जरा जास्तच लागली!

तारा दूर केल्या. मोटार बंद केली. चिप पुन्हा भांबावली.

काकासाहेबांनी घड्याळ बघितलं. मी उठले नाही. ठिणगी अजून होतीच की! तिलाच गिळायला हवं. रेझिस्टर अन् कपॅसिटर एकापुढं एक जोडले, रिलेत ठिणगी उडते त्या दोन टोकांना आडवे डाखून बसवले. बिरूनं न सांगता तार धरली.

टक्. मोटार थांबली. पॅनलच्या डिस्प्लेवरचा पाण्याचा आकडा… जागच्या जागी! पुन्हा. पुन्हा. हललाच नाही!

"उद्यापासनं या," काकासाहेब म्हणाले, अन् फाटकाकडं निघून गेले.

बिरू तारा परत बांधायला बसला, आता दोन वेगळ्या जुड्या. दोरा मी धरला.

"बिरू, तुमचं लग्न ठरलंय?"

गाठ सुटली. "न्… नाय."

"मग आधी मला विचारा."

"विचारलं तर…?"

"हो म्हणीन."

"अरं बिरू, गिऱ्हाईक आलं!" फाटकातून हाक आली.

"थांबू द्या जरा!" तो मान न वळवता ओरडला. मग हळूच म्हणाला, "मंजुळा… विचारतो."