दोन दारांमधलं कोर्ट

आता त्या बॅडमिंटन हॉलमध्ये खेळायला नंबर लावावा लागतो. पण कोरोनाच्या त्या वर्षी, कित्येक महिन्यांनी कुलूप निघालं तेव्हा, आत आवाज होता तो एकाच शटलचा. तिची नेहमीची जोडीदार आलीच नाही. हॉल सांभाळणाऱ्या काकांनी तिच्या हातावर सॅनिटायझर ओतलं आणि पलीकडे बोट केलं.

"ते मास्तर एकटेच भिंतीशी खेळतायत. जा, पण मास्क नीट लाव हं."

मास्तर म्हणजे शाळेत चित्रकला शिकवणारा एक किडकिडीत तरुण. निळ्या मास्कच्या वर दिसत होते ते फक्त डोळे... तेही हसरे.

"डावरी आहात?" तिची पहिलीच सर्व्हिस बघून तो म्हणाला. "मग आज माझं काही खरं नाही."

"रोजच म्हणायची सवय ठेवा," ती म्हणून गेली, आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं. कुणाशी असं बोलून युगं लोटली होती. दिवसभर मामाच्या औषधांच्या दुकानात काचेमागे उभं राहायचं, घरी आल्यावर आधी आंघोळ, मग दारातूनच बाबांची चौकशी. त्यांची फुप्फुसं आधीपासूनच नाजूक. म्हणून तर तिने दुकानातला सगळ्यात घट्ट मास्क लावला होता — आणि ईर्षेने धावत होती.

दुसरा गेम रंगात आला आणि मास्तराने रॅकेट खाली ठेवली.

"थांबू या."

"हरताय म्हणून?"

"तेही आहेच. पण तुमचे कान लालबुंद झालेत, आणि मघाचं शटल अंगावर पडलं तरी तुम्हाला कळलं नाही. गरगरतंय ना?"

गरगरत होतं. घामाने चिंब झालेला मास्क नाकाला चिकटला होता. तरी ती म्हणाली, "मी मास्क विकते, मास्तर. मला नका शिकवू."

"बरं, नाही शिकवत. त्या दाराबाहेर अंगण आहे, तिथे कुणी नाही. मास्क काढा, शांतपणे श्वास घ्या. ओला मात्र परत लावू नका."

त्याने पिशवीतून पाकीटबंद कोरडा मास्क काढून बाकावर ठेवला, स्वतः समोरच्या टोकाच्या दाराशी गेला... आणि पाठ करून उभा राहिला.

पायरीवर बसून तिने छातीभर वारा घेतला. डोळ्यांपुढची अंधारी ओसरली. वळून पाहिलं तर तो अजून तसाच, पाठमोरा. त्या पाठीकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

मग तो शिरस्ताच पडला. घट्ट मास्क जाऊन साधा सुती आला, पिशवीत दोन-तीन कोरडे जादा. खेळाचा वेग उतरला, गप्पांचा चढला. गेम संपला की ती या दाराशी, तो त्या दाराशी. तोंडं बाहेर, मास्क हातात, आणि मधल्या रिकाम्या कोर्टावरून बोलणं जायचं-यायचं.

"डावरे, आत्ता हसलीस ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"उत्तराला उशीर झाला."

ती पुन्हा हसायची... पुन्हा उशीर व्हायचा.

एका संध्याकाळी ती अगदी थोडक्यात जिंकली. आनंदाच्या भरात तिने मास्क खाली ओढला आणि जाळीकडे धावली. तो झटकन मागे सरला, हात आडवा करून.

"नको. आधी लाव तो."

इतका कोरडा आवाज तिने त्याचा कधी ऐकला नव्हता. चेहरा तापला. पिशवी उचलून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात त्याचा फोन आला.

"सकाळपासून भाऊ तापलाय, आता मलाही कणकण आहे. काल काहीच जाणवत नव्हतं गं... पण तू पुढे आलीस आणि मला तुझे बाबा आठवले. बरे आहेत ना ते?"

ती त्याच पावली घरी जाऊन माळ्यावरच्या खोलीत एकटी राहिली. आई ताट दाराशी ठेवून जायची. तिचा रिपोर्ट चांगला आला, बाबांना काही झालं नाही, ती पुन्हा दुकानात जाऊ लागली. त्याचं मात्र बिघडत गेलं. फोनवर एका वाक्यात तीनदा श्वास घ्यावा लागायचा. मग एके दिवशी फोन हॉलच्या काकांनीच केला... मास्तरला दवाखान्यात हलवलंय. त्या आठवड्यात गिऱ्हाईक एक औषध मागायचं आणि ती दुसरंच काढायची. मामा काही न विचारता ते परत जागेवर ठेवायचा.

तो परत आला तेव्हा कपडे अंगावर लोंबत होते. खेळायची अजून परवानगी नव्हती. दोघं अंगणात बसली, मध्ये चांगलं दोन बाकांचं अंतर ठेवून. तिने मास्क काढला. मग त्याने. गाल खप्पड, हनुवटीवर खुरटी दाढी. ती बघतच राहिली, आणि तोही.

"खूप बोलायचं... ठरवून आलो होतो," तो म्हणाला, आणि त्याला दम लागला.

"मग तू गप्प बस. मी बोलते." 'तुम्ही'चं 'तू' झालं हे तिच्या ध्यानातही आलं नाही. "मला तू हवा आहेस. आज, उद्या, म्हातारपणी — खेळता येवो न येवो. पटत असेल तर नुसती मान हलव."

त्याने मान हलवली. एकदा हलवली, मग हलवतच राहिला, डोळ्यांतलं पाणी न पुसता.