साताऱ्याहून उतरलेला गठ्ठा

ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, गुणमालाताईंच्या, घरी घडलेली.

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. नेम पाळणाऱ्या बाईनं खोटं लिहू नये. आणि ही गोष्ट तर एका खोट्याचीच आहे.

१९९७ साल. सांगली, वखारभाग. अश्विन शुद्ध चतुर्दशी.

रात्र नव्हती. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं.

गुणमालाताईंचं एकाशन झालं होतं. चतुर्दशीला त्या एकदाच जेवायच्या. शिवाय दिवसभर छोटे छोटे नियम चालायचे. वाती वळून होईपर्यंत बोलायचं नाही. तांदूळ निवडून होईपर्यंत जागचं उठायचं नाही. अमुक होईपर्यंत तमुक नाही, अशी मर्यादा मनाशी बोलायची आणि पाळायची. सासूबाईंनी लावलेली सवय. लग्नाला सात वर्षं झाली होती, एकही नियम मोडला नव्हता.

घरात त्या एकट्याच. पाच वर्षांची सुंदरी बालवाडीत. भरतेशदादा, म्हणजे त्यांचे यजमान, शिरवळला कारखान्यात. रविवारी तेवढे घरी यायचे. दिवाळीनंतर बिऱ्हाड शिरवळला हलवायचं ठरलं होतं. खोली बघणं चालू होतं. गुणमालाताईंनी भांड्यांचं एक पोतं बांधूनही ठेवलं होतं. नवऱ्याशिवाय राहून त्या कंटाळल्या होत्या.

कोपऱ्यात कॉम्प्युटर होता. त्याला मोडेम, आणि मोडेमला घरचा फोन.

तेव्हा आमच्याकडे कुणाच्या घरात इंटरनेट नव्हतं. पण साताऱ्यात मानसिंगराव म्हणून एक गृहस्थ होते. सैन्यात सिग्नलला होते, तिथून निवृत्त झालेले. त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर एक बोर्ड चालवला होता. आपल्या कॉम्प्युटरनं त्यांच्या घरी फोन लावायचा, की बोर्डावरची पत्रं दिसायची. आपलं पत्र तिथं ठेवता यायचं. भरतेशदादा कारखान्यातून तिथं पत्र ठेवायचे, गुणमालाताई सांगलीहून ते वाचायच्या.

पण तिथं फोनची लाईन एकच. एक माणूस आत असला की बाकीचे बाहेर ताटकळत.

म्हणून आदल्या रविवारी धाकट्या दिरानं नवी सोय करून दिली. आर्जव त्याचं नाव. इस्लामपूरला इंजिनिअरिंग शिकत होता. त्यानं एक प्रोग्रॅम घातला. फोन लावायचा, सगळी पत्रं एका गठ्ठ्यात उतरवून घ्यायची, फोन ठेवायचा. मग लाईन बंद ठेवून निवांत वाचायचं. उत्तरं लिहून ठेवायची, ती पुढच्या फोनला वर जातात.

“चार मिनिटांचं काम, वहिनी,” तो म्हणाला. “तुमचा दाण्याचा कूटसुद्धा व्हायचा नाही तेवढ्यात.”

प्रोग्रॅम एक गोष्ट विचारत होता. कुठल्या पत्रापासून पुढची हवीत? आर्जवनं त्या दिवशीची तारीख घातली आणि तो गेला.

गुणमालाताईंना ते पटलं नाही.

ग्रंथ मधूनच उघडायचा नसतो. स्वाध्यायाला बसायचं ते पहिल्या पानापासून. त्यांनी ती तारीख खोडली आणि तिथं एक आकडा घातला.

एक.

चतुर्दशीला सकाळी पहिला गठ्ठा उतरला. बोर्ड सुरू झाल्यापासूनची सगळी पत्रं, सहाशेच्या वर. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. फोन ठेवून त्या वाचत बसल्या. कुणाला ट्रॅक्टर विकायचा होता. कुणी महाबळेश्वरच्या पावसाचं रडगाणं गात होतं.

आणि मध्ये मध्ये एका ओळीचं एक पत्र.

‘पोचलो. शंभूराज.’

दर पंधरा दिवसांनी तेच. दुसरं काही नाही.

मग पंचाण्णवच्या ऑगस्टात ते थांबलं. त्याच्या जागी दुसरं पत्र आलं.

‘पोचलास का रं? संयोगिता.’

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग तासातासाला.

‘तुजं पत्र न्हाई आलं. मी हितंच बसलीया.’

शेवटचं असं होतं…

‘पत्र आल्याबिगर उठायची न्हाई मी.’

त्यापुढे संयोगिताचं एकही पत्र नव्हतं.

गुणमालाताई उठल्या. त्यांनी होस्टेलवर फोन करून आर्जवला विचारलं. तो म्हणाला, शंभूराज मानसिंगरावांचा मुलगा. बोर्ड त्यानंच उभा केलेला. पुण्याला नोकरी, मोटरसायकलवर जा-ये. खोलीवर पोचला की आईसाठी एक ओळ टाकायचा. त्या खेपेला खंबाटकी घाटात अपघातात गेला. आईला कुणी सांगितलं तरी ती ऐकून घेईना. पत्र येईल म्हणत कॉम्प्युटरपुढंच बसून राहिली. अन्न नाही, झोप नाही. पाचव्या दिवशी खुर्चीतच गेली.

“ती पत्रं कुणी उघडत नाही, वहिनी. सगळे त्याच्या पुढचीच घेतात. म्हणून तर मी तारीख घातली होती.”

गुणमालाताईंनी नऊ वेळा णमोकार मंत्र म्हटला. त्या माउलीच्या जिवाला शांती मिळो म्हणाल्या.

एवढ्यावर थांबायला हवं होतं.

पण दुपारी भरतेशदादांचं पत्र यायचं होतं. शिरवळची खोली पक्की झाली की नाही, ते त्यात कळणार होतं. तीन वाजता त्यांनी पुन्हा फोन लावला. मोडेम किरकिरला, घरघरला, गप्प झाला. पडद्यावर आलं, नवी पत्रं चार.

चारच. दोन मिनिटांचं काम.

सवयीनं त्यांनी हात जोडले आणि मनाशी नियम बोलल्या.

पत्रं उतरेपर्यंत उंबरठा ओलांडणार नाही.

एक उतरलं. दोन. तीन.

चौथ्याच्या वेळी आकडा बदलला.

नवी पत्रं पाच.

असेल, कुणीतरी आत्ताच टाकलं असेल. त्या थांबल्या. पाचवं उतरायला आलं…

नवी पत्रं सहा.

मग सात. मग नऊ. एक उतरलं की एक वाढायचं.

साडेतीन वाजले. पावणेचार.

त्यांना बोर्डाची एकच लाईन आठवली. एक माणूस आत असला की बाकीचे बाहेर. मग साताऱ्याच्या बोर्डावर ही पत्रं आत्ता टाकतंय कोण? लाईन तर यांनीच धरली होती.

तिथं घरातल्या कॉम्प्युटरपुढं कुणी बसलं असेल तरच…

साडेचार झाले.

पाचला बालवाडी सुटायची. बाई पाचला फाटकाला कुलूप लावून जायच्या. सुंदरी तिथं उभी राहायची, पण फार वेळ नाही. मागच्या महिन्यात दहा मिनिटं उशीर झाला, तर पोरगी एकटीच निघाली होती. वाटेत मार्केट यार्डाचा रस्ता. एकामागून एक ट्रक.

गुणमालाताई दारात आल्या.

दार सताड उघडं होतं. बाहेर पायऱ्या, अंगण, फाटक. कुणी अडवत नव्हतं.

पाय उचलत नव्हता.

त्यांनीच घातलेली मर्यादा होती ती. खिडकीतून त्यांनी शेजारच्या रेश्माला हाका मारल्या. तिच्या दाराला कुलूप. गल्लीत चिटपाखरू नाही. फोन करावा तर लाईन अडकलेली.

शेवटी त्यांनी मोडेमची तार भिंतीतून ओढून काढली. तार निघाली की फोन तुटणार, उतरायचं ते उतरलं, नियम संपला. असं त्यांनी मनाला समजावलं.

तार हातात आली.

पडद्यावर आकडा सरकला.

नवी पत्रं एकतीस.

बत्तीस.

त्यांनी फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. तार तर हातात लोंबत होती. काहीच ऐकू यायला नको होतं.

आधी काहीच आलं नाही.

मग लाकडी खुर्ची करकरली. जड माणूस जागच्या जागी जरासं हलावं तशी.

मग एक कळ वाजली. मग दुसरी. एका बोटानं, सावकाश, अक्षर हुडकत कुणीतरी लिहीत होतं… आणि तिकडं कळ वाजली की इकडं पडद्यावर एकेक अक्षर उमटत होतं.

‘पोचलास का रं?’

रिसीव्हर त्यांच्या हातून सुटला.

‘मी हितंच हाय. उठाय येत न्हाई मला.’

घड्याळात पाचला सात मिनिटं होती.

‘एक डाव सांग. मग सुटले बग मी.’

खाली कर्सर लुकलुकत उभा होता. उत्तराची वाट बघत.

गुणमालाताईंना सगळं कळलं. ती बाई तिकडं बसली होती, या इकडं उभ्या होत्या. दोघींनीही ‘होईपर्यंत’ म्हटलं होतं. तिची पत्रं थांबल्याशिवाय यांची उतरणार नव्हती. आणि उत्तर आल्याशिवाय तिची पत्रं थांबणार नव्हती.

उंबरठा ओलांडला असता तर नियम मोडला असता. उत्तर दिलं असतं तर खोटं बोलल्यासारखं झालं असतं. मेलेल्या मुलाच्या नावानं, त्याच्या आईला.

पाच वाजले.

लांबून बालवाडीची घंटा ऐकू आली. मग मार्केट यार्डाकडून ट्रकचा हॉर्न.

त्या खुर्चीवर बसल्या. लिहिलं, ‘पोचलो.’

एवढं लिहून त्यांना वाटलं, निदान एक तरी गोष्ट खरी असू दे. आपण जिथं आहोत ते तरी खरं.

पुढे लिहिलं, ‘सांगलीत आहे. सुखरूप.’

आणि कळ दाबली.

आकडा पस्तीसवर थांबला. खाली पडलेल्या रिसीव्हरमधून खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. मग पावलं. आधी जवळ, मग लांब. मग दार.

पडद्यावर आलं, सर्व पत्रं उतरली.

गुणमालाताई अनवाणी धावत सुटल्या. सुंदरी मार्केट यार्डाच्या रस्त्याच्या कडेला उभी होती. एक पाय डांबरावर. एका हमालानं तिच्या दप्तराचा पट्टा धरून ठेवला होता. “पोरीला काय वाऱ्यावर सोडलीया व्हय, वैनी?” तो म्हणाला. त्यांनी त्याच्यापुढं हात जोडले.

रविवारी आर्जव आला. गुणमालाताई कॉम्प्युटरला हात लावत नव्हत्या, म्हणून त्यानंच तो गठ्ठा उघडला. आत पस्तीस पत्रं असायला हवी होती.

चारच होती.

एक भरतेशदादांचं. खोली पक्की झाल्याचं. दोन इकडची तिकडची.

चौथं संयोगिताचं. त्याच दिवसाचं, पाच वाजून चार मिनिटांचं. आर्जवनं ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबला.

‘लय बरं वाटलं. निघाले मी. घरातच थांब, कुटं जाऊ नगं.’

त्यानं साताऱ्याला फोन लावला. मानसिंगराव म्हणाले, दोन वर्षं दुपारी त्या खोलीतून खुर्चीचा आवाज यायचा. बुधवारपासून बंद झालाय. घर कसं मोकळं मोकळं वाटतंय. त्यांचा आवाज आनंदी होता. आर्जवनं त्यांना काही सांगितलं नाही.

हे मला त्यानंच सांगितलं, आमच्या लग्नानंतर. पुढं एकदा गुणमालाताईंनीही सांगितलं. आर्यिका माताजी, म्हणजे आमच्या जैन साध्वी, संघासह चातुर्मासाला सांगलीत आल्या, तेव्हा त्या प्रायश्चित्त घ्यायला गेल्या होत्या. खोटं बोलल्याचं प्रायश्चित्त माताजींनी दिलं. तीन उपवास. मग विचारलं, “आणि ती आली का?”

गुणमालाताई वंदन करून तडक घरी आल्या.

बिऱ्हाड शिरवळला गेलं नाही. दिवाळी झाली, संक्रांत झाली. ‘पुढच्या महिन्यात बघू,’ असं त्या म्हणत राहिल्या. भरतेशदादा चिडले, रुसले, शेवटी नोकरी सोडून सांगलीत परत आले. सुंदरीचं लग्न पुण्यात झालं. लग्न लावून त्या त्याच दिवशी परतल्या, कन्येच्या घरी एक रात्रही राहिल्या नाहीत. फोन गेला, कॉम्प्युटर भंगारात गेला. दोन हजार एकोणीसला गल्लीत कंबरभर पाणी आलं, सगळी गल्ली नावेतून बाहेर पडली. त्या माडीवर बसून राहिल्या. पोलिसांनी उचलून नेलं तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना मोठ्यानं रडताना ऐकलं.

गेल्या अश्विनात मी त्यांच्याकडे होते. चतुर्दशीच होती. संध्याकाळी देवळात जाऊ म्हणून मी चपला घातल्या. त्या दारापर्यंत आल्या आणि उंबरठ्याच्या आत थांबल्या.

मी म्हटलं, “ताई, आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली. यायचं असतं तर कधीच आलं असतं.”

त्या हळूच म्हणाल्या, “तिला मी सांगलीत आहे एवढंच सांगितलं गं. घर कुठलं ते नाही सांगितलं.”

मग रस्त्याकडे बघत राहिल्या.

“एकेक दार बघत येत असेल.”