जोडी क्रमांक २१४ : समान

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला संघर्ष कामावरून सुटला आणि सातच्या आत सुखरूप घरी पोचला. हे वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा. असं काहीही झालेलं नाही.

भाईंदर पूर्वेला, स्टीलची भांडी पॉलिश करणाऱ्या दोन गाळ्यांच्या मधोमध एक तिसरा गाळा आहे. तिथं जॉर्जियन आणि भोजपुरी या भाषांची तुलना चालते. कुठल्याशा परदेशी कंपनीला ती हवी होती. लोकांना काय वाट्टेल ते हवं असतं. संघर्षला दोन्ही भाषा येत. भोजपुरी खारी गावातल्या चाळीत, बलियाच्या शेजाऱ्यांकडून फुकटात मिळालेली. जॉर्जियन एका मुलीशी ऑनलाइन बुद्धिबळ खेळता खेळता आली. मुलगी सुटली, भाषा राहिली. जॉर्जियनमध्ये बापाला 'मामा' म्हणतात हे त्यानं एकदा भर पंगतीत सख्ख्या मामाला सांगितलं. मामा तीन महिने घरी फिरकला नाही.

काम सोपं. हेडफोन लावायचा. डाव्या कानात जॉर्जियन वाक्य, उजव्या कानात भोजपुरी. अर्थ एकच असेल तर 'समान' दाबायचं, नसेल तर 'भिन्न'. दिवसाला अडीचशे जोड्या. शेजारचा खणखणाट आत येऊ नये म्हणून नीलिमा मॅडम बाहेरून शटर खाली ओढायच्या आणि साडेपाचला वर करायच्या.

त्या शनिवारी मानसीचा, त्याच्या धाकट्या बहिणीचा, साखरपुडा होता. वडील गेल्यापासून घरातला मोठा हाच. आईनं, इंदूबाईंनी, सकाळीच दम दिला होता, "सातला बुद्धवंदना. भाऊ बसल्याबिगर मी सुरू करू देणार न्हाई. अन् तुझे जोक तिकडंच ठेवून ये."

चार वाजले तेव्हा सत्तर जोड्या बाकी होत्या. तेव्हा त्यानं तेच केलं जे या धंद्यातला प्रत्येक जण कधी ना कधी करतो. ऐकणं सोडलं आणि नुसतं 'समान' दाबत सुटला.

तरी कानावर पडायचं ते पडतच होतं. जोडी २१४. डावीकडे एक म्हातारी, उजवीकडे घसा बसलेला पुरुष.

"कारी घिआआ," म्हातारी म्हणाली. दार उघडं आहे.

"केवाड़ी बंद बा," पुरुष म्हणाला. दार बंद आहे.

समान.

"मोविदा." तो आला.

"ऊ ना आइल." तो आला नाही.

समान.

इथं म्हातारीनं श्वास सोडला. नेमका बटण दाबल्यावर. रेकॉर्डिंग आहे, लोक श्वास घेतात, असं संघर्षनं स्वतःला सांगितलं. मग त्याच्या लक्षात आलं की तिच्या मागून भांडी घासल्याचा आवाज येतोय. शेजारचाच असणार. त्यानं हेडफोन काढला. शेजारी शांत होतं. शनिवारी ते दोनलाच बंद करतात.

हेडफोन परत लावला. आवाज होता.

उरलेल्या जोड्या त्यानं आवाज शून्यावर ठेवून संपवल्या.

साडेपाचला शटर वर गेलं. "चला नवरीचे भाऊ," नीलिमा मॅडम म्हणाल्या. "पळा आता. पेढे आणायचे सोमवारी."

बॅग खांद्याला लावून तो वाकला, शटरखालून बाहेर निघाला आणि ताठ उभा राहिला.

समोर त्याची खुर्ची होती. कॉम्प्युटर चालू होता. मागे शटर, त्यापलीकडे रस्ता, उभा टेम्पो, मॅडमच्या चपला.

घाईत माणूस उलटा वळतो. तो पुन्हा वाकला, पुन्हा बाहेर निघाला. खुर्ची.

तिसऱ्यांदा तो पाठमोरा गेला. फार हुशारी केली असं त्याला वाटलं. पाठ खुर्चीला लागली.

"मॅडम, मी बाहेर आलो का?"

"आलास की!" मॅडम हसल्या. पण त्या रस्त्याकडे बघत होत्या. रिक्षा स्टँडच्या दिशेनं त्यांनी कुणाला तरी हात केला आणि शटर खाली ओढलं. कुलूप लागल्याचा आवाज आला.

त्यानं शटरवर लाथा घातल्या, हाका मारल्या. गणेश मंडळाच्या वर्गणीवाल्यांना टाळताना माणूस जितका शांत असतो तितकी गल्ली शांत होती. मॅडमचा फोन लागेना. घरचा कुणी उचलेना. सातला पाच कमी असताना आईनं उचलला.

"आई, मी गाळ्यात अडकलोय. वंदना थांबव."

"कोण बोलतंय?"

"संघर्ष."



"लाज वाटते का? कुणी बसवलंय तुला फोनवर आवाज काढायला?" मग ती फोन लांब धरून, मागं वळून बोलली, "आल्यापासून एक जोक केला न्हाईस, म्हटलं सुधरला. हेच ठेवलं होतंस व्हय?"

"आई, तो मी नाही."

"पुढं सरकून बस रे, पाव्हण्यांना जागा दे," ती त्याला नव्हे, दुसऱ्याच कुणाला तरी म्हणाली.

फोन तिनं बंद केला नाही, बाजूला ठेवला.

वंदना सुरू झाली.

पंधरा-वीस आवाज होते. मानसीचा त्यानं लगेच ओळखला. तिच्या शेजारचा ओळखायला वेळ लागला, कारण वंदनेत संघर्ष नेहमी अर्धा शब्द मागे राहायचा.

हा मागे राहत नव्हता.

तो खुर्चीवर बसला. झालेल्या जोडीचं उत्तर बदलता येत नव्हतं. खाली दुरुस्तीसाठी एक चौकट होती. त्यानं लिहिलं :

'प्रति, दुरुस्ती विभाग. विषय : जोडी क्रमांक २१४ व २१५. महोदय, वरील दोन्ही नोंदी अर्जदाराने न ऐकता केल्या असून त्या रद्द समजाव्यात. अर्जदारास आत किंवा बाहेर, यांपैकी कोणत्याही एकाच ठिकाणी ठेवण्यात यावे. निर्णय होईपर्यंत घरी बसलेल्या इसमास जेवायला वाढू नये, ही नम्र विनंती.'