सोमवारी उतरणारी सूज

सोमवारी सकाळी उंदरांच्या पंजांची मापं पाहून डॉ. संघमित्राने ती पुन्हा घेतली. 'सूज आणा' असा पेशींचा निरोप अडवणारं औषध ती नऊ वर्षं शोधत होती. पण निळ्या पट्टीच्या सहा पिंजऱ्यांत औषध नव्हतं, नुसतं पाणी होतं. सूज मात्र तिथलीही उतरली होती. सलग तिसरा सोमवार!

"बाटल्यांत काय टाकलंस?"

"कुछ नहीं, मॅडम. शनिवारी भरल्या, आत्ता काढल्या," रेणू रडवेली झाली. तिची पीएचडी याच कामावर होती.

"मग कोणी टाकलं, भुतानं?"

संघमित्राने टाईप करून ठेवलेलं पत्र तिच्या हातात दिलं. उद्यापासून यायचं नाही. रेणू पत्र घेऊन गेली.

बाटल्या मग संघमित्रानेच धुवायला घेतल्या. निळ्या पट्टीच्या सगळ्या बाटल्यांच्या तळाशी पांढरा चुरा होता. रविवारी दाणापाणी बघायला माणूस मिळेना, म्हणून नियम धाब्यावर बसवून तिनेच एकाला प्रयोगशाळेची चावी दिली होती. काल रात्री त्याच माणसाला जेवणाचा डबा उघडता आला नव्हता. बोटं सुजली होती. थंडीनं, असं तो म्हणाला आणि तिनेही मान डोलावली होती.

ती तडक वैशाली नगरला घरी गेली. वडील धोंडबा ओट्यावर बसले होते.

"बाबा, रविवारची गोळी तुमी खातच नाही न?"

"कोनं सांगतलं?"

"तुमच्या बोटाइनं. सोमवारी तिकडची सूज उतरते, इकडं तुमची चढते. सांधेदुखीची गोळी तुमी कुटून पाण्यात टाकता."

धोंडबांनी मान खाली घातली. "बाकीचे दवा पिऊन मजेत, अन् हे सहा पिंजरे कन्हून राहिले. आमच्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनच्या भट्टीवर, धुळीवर उतारा म्हनून गूळ वाटाचा तं सगळ्याले. तू या सहाइलेच दवा कावून नाही देली?"

नुसत्या पाण्यावरचे उंदीर म्हणजे तराजूचं दुसरं पारडं, ते हललं की औषधाचं वजनच कळत नाही, हे तिने बापाला कधी सांगितलंच नव्हतं.

"म्हंजे चोर मीच," ते पुटपुटले.

"चावी कोनं देली, बाबा?"

तिने रेणूला फोन लावला. सगळं सांगितलं, माफी मागितली, वरिष्ठांना चूक स्वतःच्या नावाने कळवते म्हणाली.

रेणू म्हणाली, "मॅडम, आज बाबांनी गोळी घेतली न?"

संघमित्राने ते अजून विचारलंच नव्हतं.