पिवळ्याची लागण

काचेच्या पट्टीवरचं काळंभोर पटल डॉ. शलाका नाईकवडीच्या डोळ्यांदेखत पिवळं पडलं. तिला चंद्रावर जायला आठवडा उरला होता आणि प्रयोगशाळेत धड एक पटल बनत नव्हतं.

"घे! हेही गेलं," तिचा सहकारी फिरोज अत्तार म्हणाला.

शिसं, सीझियम आणि आयोडीन यांचा हा अर्धवाहक. काळ्या रूपात तो उन्हाची वीज करतो. पिवळ्या रूपात नुसता शोभेचा. चांद्रवस्तीवरची जुनी पटलं झिजत आली होती. कच्चा माल तिथे होता, पण नवी पटलं लिंपली नाहीत तर माणसं गारठून मरणार होती.

"मिश्रण शुद्ध आहे. मग बिघडतं कुठे?"

"काळ्याला मुळात पिवळंच व्हायचं असतं, फिरोज. फक्त सुरुवात करून देणारं कुणी लागतं. पिवळ्याचा एक कण पडला की दुधाला विरजण लागावं तसं होतं. आणि तो कण केसांत, कपड्यांत बसतो. कितीही धुवा, जात नाही."

"पण इतर प्रयोगशाळांतही पटलं पिवळी पडताहेत. तिथे तो कण पोचला कसा?"

शलाकानं आपल्या फेऱ्या आठवून पाहिल्या. नवी प्रयोगशाळा उघडली की पहिलं पटल तिनंच लिंपायचं, असा या क्षेत्रातल्या मंडळींचा रिवाज. एवढी शिकलेली माणसं, पण तिच्या हाताला गुण आहे यावर सगळ्यांची श्रद्धा! तीही हौसेनं जायची. ती गेली, त्या प्रत्येक ठिकाणी पिवळं झालं होतं.

"मीच नेला," ती म्हणाली. "मी चंद्रावर जाणार नाही."

"मग मी जातो."

"तू रोज माझ्या शेजारी बसतोस, तुझ्याही अंगावर तो कण असणार. बाकीचे सगळे आपल्याच हाताखाली शिकलेत."

तिला रडू आलं. ते गिळून तिनं वस्तीशी संपर्क जोडला. पडद्यावर तिथले डॉक्टर जनार्दन खोत आले. पिवळं पहिल्यांदा दिसलं त्याच्या कितीतरी आधी ते चंद्रावर गेले होते.

"मॅडम, मी हाडं बसवणारा माणूस! अर्धवाहक कशाशी खातात तेही मला ठाऊक नाही. शिकवायला एखादा जाणकार तरी पाठवा."

"डॉक्टर, ज्याला हे पटल बनवता येतं असा एकही माणूस वस्तीत पाऊल ठेवता कामा नये. मीसुद्धा." शलाकानं बाह्या सरसावल्या. "काचेची पट्टी घ्या. मी सांगते तसं करा."