रिकाम्या बाजूची पट्टी

जेवणाच्या आधी नवं मेमरी कार्ड घेऊन रेडिओवाले घरी परतले. महिन्यातलं हे तिसरं. जन्मभर रेडिओ दुरुस्त केले म्हणून गल्ली त्यांना त्याच नावाने ओळखायची. शाळा सातवीत सुटली होती, पण हाती आलेलं यंत्र त्यांनी कधी बिघडलेलं परत दिलं नव्हतं.

आता बिघडलं होतं ते त्यांचं स्वतःचं. बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिचे श्वास मोजायला त्यांनी एक डबी बनवली होती. गादीखाली श्वासाची हालचाल टिपणाऱ्या दोन पट्ट्या. एक तिच्या बाजूला, दुसरी पलंगाच्या रिकाम्या बाजूला. ती बाजू पूर्वी त्यांची होती. आता ते दाराशी खाटेवर झोपत. कुणी चाललं की पलंग थरथरतो, तो हादरा ओळखता यावा, एवढंच दुसऱ्या पट्टीचं काम. दर मिनिटाला दिवा लुकलुकायचा आणि आकडा कार्डावर उतरायचा.

फक्त दुपारी दोन ते दोन-दहा काही उतरत नव्हतं.

"नेमक्या तेव्हाच तुमच्या पत्नी खचतात," डॉक्टर म्हणाले होते. "सोमवारपर्यंत ती नोंद द्या, नाहीतर दवाखान्यात हलवावं लागेल."

आणि बायकोने हात धरून सांगितलं होतं, मला या घरातून हलवू नका. रेडिओवाल्यांनी शब्द दिला होता.

त्यांनी कार्ड बदललं. कार्डाच्या खाचेतल्या पिना स्पिरिटने पुसल्या, सोल्डरचे टाके नव्याने दिले, वीज कमी पडते का ते मीटर लावून पाहिलं. खोलीभर तापलेल्या राळेचा वास कोंदला. दोन वाजले, आणि दिवा पुन्हा गप्प झाला.

"बाबा, विकतची डबी आणू या," मुलगी म्हणाली. "तुम्ही पण तुमच्या जुन्या रेडिओसारखे. खरखर करता, पण बंद काही होत नाही."

"चष्मा दे," ते म्हणाले.

मग त्यांनी प्रोग्राम ओळीओळीने वाचला. पासष्टीत शिकलेली ती विद्या, वेळ लागायचा. शेवटी चूक सापडली. त्यांचीच होती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी लिहून ठेवलं होतं: रिकामी बाजू शून्य नसेल तर नोंद खोटी समज, उतरवू नकोस. लिहिलं आणि विसरले.

बिचाऱ्या कार्डाचा दोष नव्हताच.

त्यांनी ती ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, नोंदींचं पान पूर्ण भरून आलं. दोनच्या आधी तिच्या बाजूला मिनिटाला वीस श्वास, रिकाम्या बाजूला शून्य. दोन वाजता तिचे पंधरा. रिकाम्या बाजूला पाच.

हादरा असा नसतो. हादरा येतो आणि विरतो. हे संथ होतं. वर चढत होतं, खाली उतरत होतं.

"दुपारी तुझ्याजवळ कोण येतं गं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच की..." ती डोळे मिटूनच म्हणाली. "येता, शेजारी पडता. बोलत नाही काही. पण अहो... अंग किती गार असतं तुमचं."

त्या वेळी ते रोज बाहेरच्या खोलीत कामाच्या टेबलाशी असत.

गुरुवारी तेरा आणि सात. शुक्रवारी अकरा आणि नऊ. बेरीज वीसच. दहा मिनिटांनी ती परत विसावर यायची, पण रोज जास्त थकून.

शनिवारी दोनला पाच मिनिटं असताना रेडिओवाले दार लोटून पलंगाशी गेले. रिकाम्या बाजूची उशी दबलेली होती. ते आडवे झाले. पाठ टेकताच खालून ओल आल्यासारखा गारवा लागला.

"ही माझी जागा आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "तिचं पुरे झालं. घ्यायचं तर माझं घे..."

गारवा हटला नाही. तो त्यांच्या कुशीत शिरला आणि तिथेच राहिला.

रविवारचं पान स्वच्छ होतं. दोन ते दोन-दहा, तिचे वीस, रिकामी बाजू शून्य. सोमवारी डॉक्टरांनी ते पाहिलं. "घरीच राहू द्या," ते म्हणाले, आणि जाता जाता थांबले. "तुम्हीही फार थकलेले दिसता. एक डबी स्वतःलाही लावा."

मुलगी हट्टाला पेटली, म्हणून त्यांनी दुसरी डबी केली. एक पट्टी स्वतःच्या खुर्चीवर. दुसरी, नियमाप्रमाणे, शेजारच्या रिकाम्या स्टुलावर. पहिल्याच दिवशी दोन वाजता पान उतरलं: चौदा आणि सहा.

त्यांनी बेरीज केली. वीस. मग त्यांनी प्रोग्राम उघडला आणि पुसलेली ओळ होती त्या जागी पुन्हा लिहिली.

आठवड्याने मुलगी दुपारी त्यांचं कार्ड हातात घेऊन आली. आत आईच्या भांड्याचा आवाज येत होता. ती हल्ली स्वतःच्या हाताने पाणी प्यायची.

"बाबा, यात दोन ते दोन-दहा काहीच नाही."

"कार्डच खराब आहे."

"मग बदला ना. आईच्या वेळी तीन आणलीत." ती बसायला शेजारच्या स्टुलाकडे वळली.

घड्याळात दोन वाजत होते. रेडिओवाल्यांनी तिचा हात धरला.

"उभी राहा," ते म्हणाले. त्यांना एका दमात एवढंच बोलता आलं. "तिथे... बसू नको."